लाइम, मेंदू आणि मन : धुरावरून आगीचं अनुमान

गेल्या दोन व्याख्यानांत आपण प्रमाणांचा विचार केला. एखादी गोष्ट आपल्याला कळली असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो, प्रत्यक्ष कुठे संपतं आणि अनुमान कुठे सुरू होतं, दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास कधी ठेवायचा. त्यावर काही जणांनी कळवलं की हे सगळं फार पुस्तकी झालं, एखादं चालतंबोलतं उदाहरण घ्या. म्हणून आज आपण एक आजारच घेतला आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी वैद्यकात नाक कशाला खुपसायचं, असं कुणी विचारील. त्याला उत्तर असं की या आजारावरून गेली चाळीसेक वर्षं जे भांडण चाललं आहे ते औषधापेक्षा प्रमाणांचं भांडण आहे, आणि ते आमच्या हद्दीत येतं.

आजाराचं नाव लाइम. लिंबाशी त्याचा काही संबंध नाही. अमेरिकेत कनेक्टिकट नावाचं एक छोटं राज्य आहे, त्यातलं लाइम हे गाव. १९७५ च्या सुमारास त्या गावात आणि शेजारच्या ओल्ड लाइम, ईस्ट हॅडम या गावांत बऱ्याच मुलांचे गुडघे सुजू लागले. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांचा संधिवात. आता हा आजार मुळात विरळा. मग एवढ्याशा टापूत इतकी मुलं कशी? हा प्रश्न आधी दोन आयांना पडला. त्यांतली एक पॉली मरे. चित्रकार, चार मुलांची आई. ती स्वतः आणि तिच्या घरातली माणसं कित्येक वर्षं आजारी होती. कधी ताप, कधी पुरळ, कधी सांधे, कधी डोकं. ती डॉक्टरांना सगळं टिपून दाखवायची, आणि तिला सुचवलं जायचं की बाई, हे तुमच्या मनाचं असावं. पुढे तिने हे सगळं पुस्तकात लिहिलं. शेवटी तिने राज्याच्या आरोग्य खात्याला गाठलं. येल विद्यापीठातले ॲलन स्टीअर हे तरुण डॉक्टर कामाला लागले, तेव्हा तिने जमवलेली आजारी माणसांची यादी त्यांच्या हातात होती. १९७७ साली त्यांनी ५१ रुग्णांची हकीकत छापली, ३९ मुलं आणि १२ मोठी माणसं. म्हणजे बघा, 'तुमच्या मनाचं आहे' या उत्तरावर एका बाईने समाधान मानलं नाही, म्हणून हा आजार सापडला. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कारण सापडायला आणखी काही वर्षं गेली. विली बुर्गडॉर्फर हे मूळचे स्विस शास्त्रज्ञ, मोंटाना राज्यातल्या प्रयोगशाळेत काम करणारे. न्यूयॉर्कजवळच्या शेल्टर आयलंडवरून आलेल्या गोचिडांच्या पोटात त्यांना मळसूत्रासारखे पीळदार जिवाणू दिसले. हा शोध १९८२ साली प्रसिद्ध झाला आणि जिवाणूला त्यांचंच नाव मिळालं, बोरेलिया बुर्गडॉर्फेरी. गोचीड आपल्याला गाई-म्हशींच्या आणि कुत्र्यांच्या अंगावरची माहीत आहे. ही जात वेगळी, उंदरांवर आणि हरणांवर वाढणारी. तिचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, म्हणून चावलेलं कळतही नाही. सिंधुदुर्गाकडच्या मंडळींना गोचीड म्हटल्यावर माकडताप आठवेल. तो विषाणूचा आजार, हा जिवाणूचा, दोन्हींची गल्लत नको. आपल्याकडे लाइम तुरळक आहे. पण न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स हा त्याचा मुख्य मुलूख, आणि तिथे आपली मराठी माणसं किती आहेत हे सांगायला नको. अमेरिकेत वर्षाला सुमारे ४ लाख ७६ हजार लोकांचं लाइम म्हणून निदान आणि उपचार होतात, असा तिथल्या सरकारी संस्थेचा २०१० ते २०१८ या काळाचा अंदाज आहे.

आता मज्जासंस्थेकडे वळू. यातला एक भाग अगदी पक्का आहे आणि तो लाइम गावाच्या कितीतरी आधी युरोपात माहीत झाला होता. १९२२ साली फ्रान्समध्ये गारँ आणि बुजादू या दोन डॉक्टरांनी गोचीड चावल्यावर झालेल्या मज्जातंतूंच्या आजाराची नोंद केली. १९४१ साली जर्मनीत बानवार्थ यांनी तशाच रुग्णांचं वर्णन केलं. उपचार न झालेल्या रुग्णांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्क्यांमध्ये जिवाणू मज्जासंस्थेपर्यंत पोचतो. मग तीन गोष्टी दिसतात, कधी एक, कधी तिन्ही. तोंड एका बाजूला वाकडं होतं. मेंदूच्या आवरणाला सूज येते, त्याने डोकं आणि मान धरते. आणि मणक्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या मुळांना सूज आली की रात्री झोपू न देणाऱ्या कळा येतात. इथे वाद नाही. पाठीतलं पाणी तपासलं तर त्यात पांढऱ्या पेशी सापडतात, दोन-तीन आठवड्यांची अँटिबायोटिक दिली की बहुतेक रुग्ण बरे होतात. कारण दिसतं, कार्य दिसतं, कारण काढलं की कार्य जातं. नैयायिकाला यापेक्षा जास्त काय हवं?

अडचण पुढे आहे. १९९० साली लोजिजियन, कॅप्लन आणि स्टीअर यांनी २७ रुग्णांचा एक अभ्यास छापला. या मंडळींना लाइम होऊन महिने किंवा वर्षं लोटली होती. २७ पैकी २४ जणांमध्ये मेंदूचा एक सौम्य विकार होता. आजार सुरू झाल्यावर एका महिन्यापासून ते चौदा वर्षांपर्यंत कधीही तो उद्भवला होता. लक्षणं कोणती? विसरणं, स्वभाव बदलणं, झोप बिघडणं. १९ जणांना हातापायांत मुंग्या किंवा मणक्यातून उठणाऱ्या कळा होत्या. शिरेतून दोन आठवडे अँटिबायोटिक दिल्यावर सहा महिन्यांनी १७ जण सुधारलेले होते. ६ जण सुधारून पुन्हा घसरले आणि ४ जण होते तसेच राहिले.

विसरणं, स्वभाव, झोप. हे शब्द वाचताना सौम्य वाटतात, भोगणाऱ्याला ते सौम्य नसतात. रुग्ण सांगतात त्याचा आपण अंदाज करू. ओळखीचा शब्द ओठांवर येतो आणि तिथेच अडतो. भाजीला फोडणी टाकली की नाही, हे दोन मिनिटांनी आठवत नाही. रोजच्या वाटेवर वळण चुकतं. दोन माणसं एकदम बोलू लागली की काहीच कळेनासं होतं. दिव्याचा उजेड, भांड्याचा आवाज सहन होत नाही. कारण नसताना रडू येतं, नाहीतर असा संताप येतो की घरच्यांना वाटतं हा आपला माणूसच नव्हे. एमी टॅन ही अमेरिकेतली मोठी कादंबरीकार. तिने आपल्या लाइमबद्दल जाहीरपणे लिहिलं आहे. वर्षानुवर्षं निदान झालं नाही, भास होऊ लागले, आणि जिचं पोट शब्दांवर तिला लिहिणं जमेनासं झालं.

१९९४ साली कोलंबिया विद्यापीठाच्या ब्रायन फॅलन यांनी, लाइमकडे मेंदू आणि मन यांचा आजार म्हणूनही पाहा, असं मांडलं. नैराश्य आणि चिंता सर्वांत जास्त, भीतीचे झटके काही जणांना, भास किंवा उन्माद फार क्वचित. पण नैराश्य तर जगात कितीतरी जणांना असतं. मग हे नैराश्य लाइममुळे आलं असं कसं म्हणायचं? इथे डेन्मार्कमधले दोन अभ्यास समोर ठेवावेसे वाटतात. दोन्ही २०२१ साली प्रसिद्ध झाले, दोन्ही त्याच देशाच्या सरकारी नोंदींवर उभे.

पहिला फॅलन आणि त्यांच्या डॅनिश सहकाऱ्यांचा. इस्पितळात लाइमचं निदान झालेल्या सुमारे १२ हजार लोकांची तुलना त्यांनी देशातल्या उरलेल्या लोकांशी केली. लाइमवाल्यांमध्ये मानसिक विकाराचं प्रमाण २८ टक्क्यांनी जास्त निघालं, आत्महत्येच्या प्रयत्नांचं जवळजवळ दुप्पट. घाबरून जाऊ नका, मुळात लहान असलेला आकडा दुप्पट झाला तरी लहानच राहतो. बहुतेक रुग्णांच्या वाट्याला यातलं काही आलं नाही. तरी ही बाब डोळ्याआड करण्यासारखी नाही.

दुसऱ्या अभ्यासात संशोधकांनी फक्त असे २,८९७ रुग्ण घेतले, ज्यांच्या पाठीतल्या पाण्यातच लागणीचा पुरावा होता. म्हणजे मज्जासंस्था बाधित झाल्याबद्दल शंकाच नाही असे. आणि यांच्यात? इस्पितळात जावं लागेल अशा मानसिक आजारांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही. झोपेच्या, चिंतेच्या, नैराश्याच्या गोळ्या पहिल्या वर्षी थोड्या जास्त घेतल्या गेल्या, नंतर तेही प्रमाण खाली आलं.

आता हे कोडं बघा. जिवाणू मेंदूच्या परिसरात जाऊन मन बिघडवतो हे एवढं सरळ असतं, तर दुसऱ्या गटाची स्थिती पहिल्यापेक्षा वाईट हवी होती. ती नाही. काहींनी यावरून निष्कर्ष काढला की पहिल्या गटातला त्रास लाइमचा नव्हेच. आम्हाला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. दुसऱ्या गटाला आणखी एक गोष्ट मिळाली होती, ती म्हणजे स्पष्ट निदान. तोंड वाकडं झालं, तपासणी झाली, नाव मिळालं, औषध मिळालं, घरच्यांनी विश्वास ठेवला. ज्यांचं दुखणं असं उघड दिसत नाही, त्यांना यातलं किती मिळतं? हा आमचा तर्क आहे, सिद्धान्त नाही. पण जिवाणू आणि मन यांच्यामध्ये बराच रस्ता आहे आणि त्या रस्त्यावर डॉक्टर, नवरा, बायको, नोकरी सगळे उभे आहेत, एवढं तरी यातून दिसतं.

इथे एक जुनं उदाहरण पुष्कळदा दिलं जातं. उपदंश, ज्याला आपल्याकडे गरमी म्हणत, त्याचाही जिवाणू असाच पीळदार, लाइमच्या जिवाणूचा लांबचा नातेवाईक. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेतल्या वेड्यांच्या इस्पितळांत असे पुष्कळ रुग्ण असत, ज्यांना आधी बडेजावाचे भ्रम होत, मग स्मृती जाई, मग अंग लुळं पडे आणि मृत्यू येई. लोक म्हणत, दुराचाराचं फळ, मनाचा अधःपात. १९१३ साली नोगुची आणि मूर यांनी अशा मृतांच्या मेंदूत उपदंशाचा जिवाणू दाखवून दिला. पुढे पेनिसिलिन आलं आणि ते वॉर्ड रिकामे होत गेले. तेव्हा लाइमच्या रुग्णाने हे उदाहरण दिलं की आपण कान द्यावा. मात्र ते उपमान आहे. नातेवाईक चोर निघाला म्हणून हाही चोर, असं ठरत नाही. उपदंशात मेंदूमध्ये जिवाणू प्रत्यक्ष सापडला. उपचार घेऊनही ज्यांचा त्रास उरतो त्या लाइमच्या रुग्णांमध्ये तसा निर्णायक पुरावा मिळालेला नाही.

मग रक्ताची तपासणी काय सांगते? ही तपासणी जिवाणू शोधतच नाही. जिवाणूविरुद्ध आपल्या शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी ती शोधते. म्हणजे डोंगरावर धूर दिसला, तेव्हा आग असणार, हे आपलं जुनं अनुमान. धूर आणि आग यांचं साहचर्य पक्कं असेल, तरच ते चालतं. इथे ते दोन्ही टोकांना ढिलं आहे. पहिल्या काही आठवड्यांत अँटिबॉडी तयारच झालेल्या नसतात, आग आहे पण धूर नाही. आणि बरं झाल्यावर त्या वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतात. तेव्हा आपल्याला दिसतो तो धूर नव्हेच, मागे उरलेली राख आहे. राखेवरून इथे कधीतरी चूल पेटली होती एवढं खरं, आत्ता भात शिजतो आहे असं नव्हे. ज्या भागात गोचिडी भरपूर, तिथे कितीतरी धडधाकट माणसांच्या रक्तात ही राख सापडेल. त्यांतल्या एखाद्याला स्वतंत्रपणे नैराश्य आलं आणि कुणी लाइमची तपासणी केली, की झालं, दोन्हींची गाठ मारली जाते. म्हणून २०२० साली अमेरिकेतल्या संसर्गरोग, मज्जाविकार आणि संधिवात या तिन्ही क्षेत्रांतल्या तज्ज्ञसंस्थांनी मिळून सांगितलं की मानसिक रुग्णांची सरसकट लाइम तपासणी करू नये. रुग्ण-संघटनांना हे कठोर वाटलं. अनुमानशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर आहे. मात्र 'सरसकट' या शब्दावर जोर द्या. गोचीड चावल्याची, पुरळाची, तोंड वाकडं झाल्याची हकीकत असेल तर तपासणी करायलाच हवी.

उपचाराचं थोडक्यात सांगतो आणि मुद्द्यावर येतो. राहिलेल्या त्रासावर अँटिबायोटिक आणखी महिने दोन महिने दिली तर? हा प्रश्न नीट प्रयोग करून विचारला गेला आहे. २००१ साली क्लेम्पनर आणि सहकाऱ्यांनी तीन महिने औषध देऊन पाहिलं, खोट्या औषधापेक्षा फरक पडला नाही. २०१६ साली नेदरलँड्समध्ये २८० रुग्णांवर बारा आठवडे प्रयोग झाला, तेच उत्तर. स्मृतीच्या तक्रारी असलेल्या ३७ जणांवर फॅलन यांनी दहा आठवडे शिरेतून औषध दिलं, बाराव्या आठवड्यात सुधारणा दिसली, चोविसाव्यापर्यंत ती ओसरली. आणि शिरेतली नळी महिनोन्महिने ठेवणं हा खेळ नव्हे. तिच्यातून रक्तात दुसरेच जंतू शिरून माणसं दगावली आहेत.

पण त्रास खरा आहे हेही तितकंच मोजलं गेलं आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या जॉन ऑकॉट यांनी वेळेवर, योग्य उपचार झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला. सुमारे १४ टक्क्यांमध्ये थकवा, दुखणं, विसराळूपणा असा त्रास रोजचं जगणं अडेल इतका टिकून होता. लाइम न झालेल्यांमध्ये हेच प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास. त्याच विद्यापीठात १२ रुग्णांच्या मेंदूचं चित्रण केलं तेव्हा मेंदूतल्या संरक्षक पेशी चेतल्याच्या खुणा दिसल्या. अभ्यास लहान आहे, त्यावर इमला बांधायला नको. जिवाणू गेल्यावरही प्रतिकारशक्ती शांत होत नसावी, किंवा मेल्या जिवाणूंचे अवशेष तिला डिवचत असावेत, अशा दिशेने शोध चालू आहे.

तर आता मुद्दा. इथे दोन प्रश्न आहेत. हा माणूस खरोखर आजारी आहे का, हा एक. त्याच्या शरीरात जिवाणू अजून जिवंत आहे का, हा दुसरा. गेली चाळीस वर्षं हे दोन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. डॉक्टर दुसऱ्याला 'नाही' म्हणतात, रुग्णाला ऐकू येतं की पहिल्याला 'नाही' म्हटलं. मग पहिल्याचं 'हो' मिळवण्यासाठी तो दुसऱ्याच्या 'हो'ला घट्ट धरून बसतो आणि तसं म्हणणारा, महागडी औषधं देणारा कुणीतरी शोधून काढतो. वाद इतका पेटला की २००६ मध्ये कनेक्टिकट राज्याच्या ॲटर्नी जनरलने संसर्गरोग तज्ज्ञांच्या मार्गदर्शक नियमांचीच चौकशी लावली. २०१० साली फेरतपासणी समितीने ते नियम वैद्यकीयदृष्ट्या ग्राह्य ठरवले. भांडण मिटलं नाही ते नाहीच.

न्यायदर्शनात शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचं वचन. आप्त कोण? ज्याला ती गोष्ट साक्षात माहीत आहे आणि जी माहीत आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. या कसोटीने आपल्याला काय होतं आहे याबाबत रुग्ण आप्त आहे, त्याच्याइतकं साक्षात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही. ते कशाने होतं आहे याबाबत तो आप्त नाही, तिथे त्याचंही अनुमानच, आणि तिथे डॉक्टरचं अनुमान जास्त कसलेलं. मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश विदुषीने २००७ साली ज्ञानाच्या व्यवहारातल्या अन्यायावर पुस्तक लिहिलं. बोलणारा कोण आहे हे पाहून त्याच्या शब्दाची किंमत कमी करणं, हा त्यातला एक अन्याय. पॉली मरेच्या बाबतीत तेच झालं होतं.

आणि 'मनाचं आहे' हे वाक्य अपमान का वाटतं? मनाचा आजार म्हणजे खोटा आजार, ही समजूत बोलणाऱ्याच्याही डोक्यात असते आणि ऐकणाऱ्याच्याही, म्हणून. नैराश्य लाइमच्या सुजेतून आलं, की वर्षभर अंथरुणाला खिळून नोकरी गेल्याने आलं, की आधीपासूनच होतं, हे ठरो न ठरो, त्यावरचे उपचार थांबवून ठेवायचं कारण नाही. नैराश्याची गोळी घेतली तर आजार मनाचा असल्याचं कबूल केल्यासारखं होईल, म्हणून कित्येक रुग्ण ती घेत नाहीत. पाय मोडलेल्या माणसाने दुखणं थांबवणारी गोळी घेतली म्हणून त्याचं हाड सांधलेलं होतं असं कुणी म्हणत नाही.

वेळ संपत आली आहे. एक चिठ्ठी आली आहे तेवढी घेऊ. एका आजींनी विचारलं आहे : सून न्यू जर्सीला असते, दोन वर्षांपूर्वी लाइम झाला होता, औषध पूर्ण झालं. तपासणी अजून पॉझिटिव्ह येते. झोप नाही, विसरते, चिडचिड करते. तिथला एक दवाखाना सहा महिने शिरेतून औषध घ्या म्हणतो. काय करावं?

आजी, आपण डॉक्टर नव्हे, तेव्हा जे म्हणता येतं तेवढंच सांगू. पॉझिटिव्ह ही राख असू शकते, नुसत्या तेवढ्यावर सहा महिन्यांची नळी लावून घेऊ नये. मज्जाविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, बी बारा, झोपेत श्वास अडतो का, हे तपासून घ्यायला सांगा. स्मरणशक्तीची रीतसर चाचणी असते, तीही. फोनवर तिला 'मनावर घेऊ नकोस' म्हणू नका, काय काय होतं ते सांगू दे. जीव नकोसा वाटतो का, हे मुलाने तिला सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. आणि या उन्हाळ्यात अंगावर नवं गोल, पसरत जाणारं लाल चकंदळ उठलं, तर मात्र थांबू नका. लाइम पुन्हा होऊ शकतो, आणि जुन्या अँटिबॉडी असताना नवी लागण रक्तात वेगळी ओळखता येत नाही. ती कातडीवर बघूनच ठरवावी लागते.